लुडोविकस रेक्स (थॅकरेकृत व्यंगचित्र)

फ्रान्सचा राजा चौदावा लुई (१६३८–१७१५) याच्या राजवस्त्रांचा उपहास करणारे इंग्रजी मुद्राचित्र (ठशावरून छापलेले चित्र). कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे (१८११–६३, जन्म कोलकाता) याने ते स्वतः रेखाटले आणि ‘द पॅरिस स्केच बुक’ (१८४०) या पुस्तकातील व्हर्सायविषयक लेखाला जोडले. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर लेखकाची तांब्यावरील व लाकडावरील आरेखने असा उल्लेख आहे. प्रस्तुत चित्र बहुधा पहिल्या प्रकारातले असावे.

चित्रात तीन आकृत्या शेजारीशेजारी आहेत. डावीकडे ‘रेक्स’, म्हणजे राजा. त्यात माणूसच नाही. भरघोस केसांचा टोप, झगा, तलवार आणि उंच टाचांचे बूट एवढाच पोशाख तेवढा उभा आहे. मधे ‘लुडोविकस’, म्हणजे लुई : टकला, पोट सुटलेला, काटकुळ्या पायांचा म्हातारा. उजवीकडे दोहोंची बेरीज, ‘लुडोविकस रेक्स’. सोबतच्या मजकुरात थॅकरे म्हाताऱ्याची उंची ५ फूट २ इंच देतो. टोप आणि बूट चढवताच तो ६ फुटांचा होतो. आपण ज्या देवांना भजतो ते न्हावी व मोची घडवतात, असे त्याचे म्हणणे आहे.

उजवीकडच्या आकृतीचा आधार फ्रेंच चित्रकार इयासिंत रिगो याचे १७०१ मधील राजचित्र (लूव्हर, पॅरिस) हा होय. त्यात साठी उलटलेला राजा सोनेरी लिलीफुलांचा निळा मखमली झगा आणि लाल टाचांचे बूट घालून उभा आहे. झगा बाजूला सारून दाखवलेले पाय मात्र तरुण नर्तकाचे वाटतात. रिगोने चेहरा वेगळ्या कापडावर रंगवून मग मोठ्या चित्रात बसवला, असे चित्राच्या तपासणीवरून दिसते. थॅकरेने जे सुटे करून दाखवले, ते रिगोनेही जोडूनच उभे केले होते.

लुईच्या खऱ्या उंचीबद्दल एकमत नाही. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १६६८ मध्ये दिलेल्या चिलखताच्या मापावरून काहींनी ती सुमारे १.६२ मीटर ठरवली. पण भेटीदाखल घडवलेले चिलखत अंगमापाचे असेलच असे नाही. दुसरा पक्ष ती १.८० मीटरच्या आसपास धरतो आणि राजाला उंच म्हणणाऱ्या समकालीनांचा दाखला देतो. हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. तसे असल्यास थॅकरेचा बुटका म्हातारा इतिहासातून नव्हे, युक्तिवादाच्या गरजेतून आला.

पोशाखच राजा घडवतो या कल्पनेच्या उगमाबाबत दोन मते आहेत. न्यायाधीशांचे लाल झगे व अर्मिन या लहान प्राण्याची पांढरी फर यांनीच त्यांचा दरारा टिकतो, हे फ्रेंच तत्त्वज्ञ पास्काल (१६२३–६२) याने लुईच्या हयातीतच लिहून ठेवले होते. काहींना मूळ तेथे दिसते. जवळचा स्रोत मात्र स्कॉटिश लेखक टॉमस कार्लाइल असावा. वस्त्रांच्या तत्त्वज्ञानावरील त्याचा ‘सार्टर रिसार्टस’ हा ग्रंथ १८३३–३४ मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आला. त्यात दरबारी मंडळींचे कपडे भर समारंभात गळून पडतात, अशी कल्पना आहे. थॅकरे त्याच मासिकात लिहीत असे आणि कार्लाइलच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाचे त्याने १८३७ मध्ये परीक्षणही केले होते. हान्स अँडरसनची नागड्या सम्राटाची डॅनिश कथाही १८३७ ची. ती इंग्रजीत १८४६ मध्ये आली, त्यामुळे तिचा प्रभाव संभवत नाही.

इतिहासकार पीटर बर्क याने लुईच्या प्रतिमानिर्मितीवरील १९९२ च्या ग्रंथात या चित्राची दखल घेतली आहे.