व्यंजनांची विशेषक चिन्हे

बोललेला ध्वनी जसाच्या तसा कागदावर उतरवताना नुसते अक्षर अपुरे पडते, तेव्हा त्या अक्षराच्या डोक्यावर, पायाशी किंवा उजव्या खांद्याशी जी लहानशी खूण जोडतात, तिला विशेषक चिन्ह किंवा डायक्रिटिक म्हणतात. व्यंजनांच्या बाबतीत ही खूण मुख्यतः चार गोष्टी सांगते: जीभ नेमकी कुठे टेकली, कंठातील स्वरतंतू कंप पावले की नाहीत, व्यंजन सुटताना श्वास कसा बाहेर पडला आणि उच्चाराला दुसऱ्या एखाद्या हालचालीची जोड होती काय. आज सर्वत्र वापरली जाणारी चिन्हे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची आहेत. या लिपीमागची संस्था 1886 मध्ये पॅरिस येथे स्थापन झाली, लिपीचा पहिला आराखडा 1888 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1989 मध्ये जर्मनीतील कील येथे तिची मोठी फेरमांडणी झाली. ज्या ध्वनिभेदाने शब्दाचा अर्थ बदलतो त्याला शक्यतो स्वतंत्र अक्षर द्यावे आणि बारीक छटांसाठी खुणा वापराव्यात, असे तिचे साधारण धोरण आहे.

गोव्यातील मराठी वाचकाला या खुणांची गरज रस्त्यावरच्या पाट्यांवरच पटते. पाटीवर देवनागरीत ‘म्हापसा’ असते आणि रोमनमध्ये त्याच नावाचा आरंभ नुसत्या एमने होतो. ‘म्ह’ हा म आणि ह यांचा जोड दिसत असला तरी उच्चारात तो बहुधा एकच श्वासयुक्त म असतो, म्हणजे ओठ मिटून नाकावाटे म चालू असतानाच कंठातून सैल, श्वासमिश्रित घोष येत असतो. मराठी छंदशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले आहे: ‘तुम्ही’मधला तु पुढे जोडाक्षर असूनही लघु मानतात. ध्वनिलिपीत हा ध्वनी एमच्या खाली दोन टिंबे शेजारी शेजारी देऊन दाखवतात. तीच दोन टिंबे न्ह, ल्ह आणि ऱ्ह यांनाही चालतात. घ, ध, भ यांच्यासाठी मात्र अक्षराच्या उजवीकडे वर आकडीचा छोटा एच लिहिण्याची रीत अधिक रूढ आहे. ख, थ, फ या अघोष, म्हणजे स्वरतंतू न कंपता उच्चारलेल्या, महाप्राणांना साधा छोटा एच पुरतो. ही खूण नसल्यामुळेच फोंड्याचा फ रोमनमध्ये पी झाला आणि थिवीचा थ नुसता टी उरला. पोर्तुगीज भाषेत महाप्राण व्यंजने नाहीत, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या कानाला तो श्वास वेगळा नोंदण्याजोगा वाटला नसावा.

पण त्याच कानाने दुसरीकडे किती अचूक ऐकले, हेही पाहण्यासारखे आहे. पेडणे, कुडचडे, धारबांदोडा या नावांतल्या ‘ड’च्या जागी रोमन लेखनात आर येतो, तर फोंड्याच्या ‘ड’साठी डी येतो. वरवर हा गोंधळ वाटतो, परंतु तो तसा नाही. शब्दाच्या मध्ये, विशेषतः दोन स्वरांच्या मध्ये, ‘ड’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळते आणि टाळूला ओझरती थाप मारून खाली येते. तो पूर्ण स्पर्श राहत नाही. अनुनासिकामागून आलेला ‘ड’ मात्र घट्ट टेकतो. ‘धारबांदोडा’ आणि ‘फोंडा’ ही नावे सावकाश, एकापाठोपाठ एक म्हणून पाहिली की जिभेला हा फरक लगेच कळतो. पोर्तुगीज लेखनिकाला असा जीभ मागे वळवून केलेला, म्हणजे मूर्धन्य, उच्चार परका होता. पहिला ध्वनी त्याला ‘र’च्या जवळचा वाटला आणि दुसरा ‘ड’च्या, आणि त्याने ते तसेच लिहिले. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी या थापेच्या ध्वनीला उजवीकडे वळलेल्या शेपटीचा आर देते. ट, ड, ण, ळ यांनाही तशीच शेपटीची अक्षरे आहेत. ही शेपटी विशेषक चिन्हासारखी दिसत असली तरी शास्त्राच्या हिशेबाने ती अक्षराचाच भाग आहे.

संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या रोमन लिप्यंतरात ट, ड, ण यांच्या खाली दिले जाणारे टिंब ही वेगळी गोष्ट आहे, कारण लिप्यंतर अक्षराला अक्षर देते आणि ध्वनिलेखन उच्चाराला चिन्ह देते. दोन्ही एकत्र केल्याने होणाऱ्या चुका वारंवार आढळतात. 2001 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘ऋ’ लिहिताना आरच्या खाली लहान वर्तुळ देतात; ध्वनिलिपीत मात्र खालचे तेच वर्तुळ ध्वनी अघोष असल्याचे सांगते. अरबी शब्दांच्या लिप्यंतरात टीखालचे टिंब मूर्धन्य नव्हे, तर घसा आवळून उच्चारलेला ध्वनी दाखवते. म्हणून कोणतेही टिंब वाचण्याआधी ते कोणत्या पद्धतीतले आहे हे पाहणे आवश्यक आहे.

इंग्रज जेझुइट धर्मप्रसारक थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य 1616 मध्ये गोव्यातील साष्टी भागातल्या राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, तेव्हा असली टिंबे हाताशी नव्हती. तिथे ‘ळ’साठी एल दोनदा लिहिला आहे. अक्षर दुप्पट करणे हा खुणेला पर्याय होता, आणि मराठीतला ल व ळ यांचा भेद छापखान्याच्या उपलब्ध खिळ्यांत टिकवण्याची ती मोठी कळकळीची धडपड होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्याच परंपरेतील एक खरे विशेषक चिन्ह गोव्यात पुढे बराच काळ टिकले: म्हापशाच्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये सीच्या पायाशी असलेली शेपटी, म्हणजे सेडिला. तिच्यामुळे सीचा उच्चार ‘क’ न होता ‘स’ होतो. आजच्या पाट्यांवर तिची जागा एसने घेतली आहे.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी खूण म्हणजे दोन अक्षरांना जोडणारी कमान. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च एकाच अक्षराने लिहिले जातात. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, यांतही फरक केवळ उच्चाराचा आहे. ‘चाक’मधला च ध्वनिलिपीत टी आणि एस यांच्यावर कमान टाकून लिहितात. कमान नसेल तर ‘वत्सल’ शब्दात त संपून स सुरू होतो तसा दोन व्यंजनांचा क्रम वाचला जाण्याची शक्यता असते. कमान असली की स्पर्श आणि घर्षण मिळून एकच व्यंजन आहे हे निश्चित होते. त्याच टीच्या खाली दाताच्या आकाराची कंसासारखी खूण दिली की तो आपला दंत्य ‘त’ होतो. मराठीत दंतमूलीय, म्हणजे दातांमागच्या हिरडीवर जीभ टेकवून उच्चारलेला, टी वेगळा नसल्यामुळे स्थूल लेखनात, म्हणजे तिरप्या रेघांच्या आत, ही खूण गाळतात. चौकटी कंसातल्या सूक्ष्म लेखनात ती द्यावी लागते.

उरलेल्या खुणांपैकी काही मराठीत क्वचितच लागतात. वर लिहिलेला छोटा जे रशियनमधील तालव्यीकृत, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून उच्चारलेली, व्यंजने दाखवतो, छोटा डब्ल्यू ओठांचा चंबू दाखवतो आणि अक्षराखालची उभी रेघ व्यंजनच अवयवाचा, म्हणजे शब्दातील एका उच्चारखंडाचा, स्वराऐवजी गाभा झाल्याचे सांगते. चेक भाषेतील ‘बर्नो’ या शहरनामातला र असा आहे.

संगणकावर ही चिन्हे मूळ अक्षराच्या नंतर टंकित करावी लागतात. देवनागरीतही तोच क्रम आहे: ‘च़ाक’ लिहिताना आधी च, मग नुक्ता म्हणजे खालचे टिंब, मग काना. क्रम उलटला तर नुक्ता अक्षराला न चिकटता बाजूच्या रिकाम्या वर्तुळाखाली जाऊन पडतो.