इफ्फीला नुसतं प्रेक्षक म्हणून जायचंय? डेलिगेट नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

दर नोव्हेंबरात एक प्रश्न हमखास येतो: ‘आम्ही सिनेमा क्षेत्रातले नाही, आम्हाला इफ्फीला (गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) प्रवेश मिळतो का?’ मिळतो. पण खिडकीवर तिकीट काढून आत जायची सोय तिथे नाही. आधी डेलिगेट म्हणून नोंदणी करायची, मग कार्ड घ्यायचं आणि त्या कार्डावर रोजचे सिनेमे बुक करायचे, असा तीन टप्प्यांचा मामला आहे. पहिला टप्पा उरकला की सगळं झालं असं समजून पणजीला पोचणारे बरेच असतात, आणि मग हाउसफुलच्या पाट्या बघत बसतात.

हा खटाटोप कशासाठी, तर त्यामागे कायदा आहे. महोत्सवातले बहुतेक परदेशी चित्रपट आपल्या सेन्सॉर बोर्डाकडे गेलेलेच नसतात. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ च्या कलम ९ नुसार केंद्र सरकार अशा चित्रपटांना प्रमाणपत्रातून सूट देऊ शकतं. महोत्सवांना ही सूट मिळते ती प्रेक्षक नोंदणी केलेले डेलिगेट असतील या अटीवर. वयाची अट, ओळखपत्र, फोटो असलेलं कार्ड, दारावरचं स्कॅनिंग हे सगळं तिथून येतं. दारावरच्या स्वयंसेवकाशी हुज्जत घालण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

पात्रता सोपी आहे. वय १८ पूर्ण हवं, बस. शिक्षण किंवा अनुभव कोणी विचारत नाही. अर्ज मात्र योग्य गटातून करा. हौसेने सिनेमा बघणाऱ्यांसाठी ‘सिने एन्थुझिअ‍ॅस्ट’ हा गट असतो. बँकेत नोकरी करणारे, गृहिणी, निवृत्त शिक्षक, सगळे यात बसतात. ‘फिल्म प्रोफेशनल’ गटात या क्षेत्रातल्या कामाचा पुरावा लागतो. मित्राच्या लघुपटात एकदा क्लॅप धरला होता म्हणून तिकडे अर्ज टाकू नका, पडताळणीत अडकाल. विद्यार्थ्यांचा गट वेगळा. त्यासाठी संस्थेचं चालू वर्षाचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड लागतं. पत्रकारांची अधिकृत नोंदणी पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयामार्फत होते, आणि फिल्म बाजार (महोत्सवासोबतच भरणारी सिनेमांच्या खरेदी-विक्रीची बाजारपेठ) हा धंद्याचा भाग असल्याने त्याची नोंदणीही स्वतंत्र असते.

नोंदणी महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. आयोजन एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) आणि एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा मिळून करतात. महोत्सव साधारण २० ते २८ नोव्हेंबरच्या आसपास असतो आणि नोंदणी त्याच्या बरीच आधी सुरू होते. २०२३ साली सिनेरसिकांसाठी शुल्क १,००० रुपये अधिक जीएसटी होतं आणि विद्यार्थ्यांना माफी होती. यंदाचा आकडा आणि मुदत अर्ज भरतानाच बघा, जुन्या बातमीवर विसंबू नका. भरलेले पैसे परत मिळतील असंही धरू नका.

सिनेरसिकांना कागदपत्रं दोनच लागतात: सरकारी ओळखपत्राची स्कॅन प्रत (आधार, पासपोर्ट, वाहन परवाना वगैरे) आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. घोळ होतो तो इथेच. अर्जात ‘सौ. माधुरी’ आणि आधारवर वडिलांचं नाव मध्ये घालून माहेरचं पूर्ण नाव, असं झालं की पडताळणी रखडते. ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. फोटोही सरळ चेहऱ्याचा द्या, गॉगल नको, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला तर नकोच. तोच फोटो कार्डावर छापला जातो आणि पुढचे आठ-नऊ दिवस गळ्यात लटकतो. ईमेल आणि मोबाइल क्रमांक चालू असलेलाच द्या, कारण मंजुरी आणि लॉगिन त्यावर येतं. मंजुरीचा मेल स्पॅममध्ये जाऊन बसतो, तिथेही एकदा डोकावा.

कार्ड पणजीत जाऊन घ्यावं लागतं. मूळ ओळखपत्र सोबत हवं. मोबाइलमधल्या फोटोवर भागेल या भरवशावर जाऊ नका. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी काउंटरवर रांग लागते. आदल्या दिवशी पोचत असाल तर त्याच दिवशी कार्ड घेऊन टाका.

आता खरा भाग. कार्ड म्हणजे खुर्ची नव्हे. प्रत्येक खेळासाठी वेगळं बुकिंग करायचं, ते विनामूल्य असतं, पण दिवसाला किती तिकिटं घेता येतील यावर मर्यादा असते. बुकिंग ठरलेल्या वेळी उघडतं. मोठ्या महोत्सवांत गाजून आलेले सिनेमे बघता बघता भरतात. म्हणून आदल्या रात्री कॅटलॉग घेऊन बसा आणि प्रत्येक वेळेला पहिली आणि दुसरी पसंती लिहून ठेवा. माझा सल्ला विचाराल तर, गाजलेल्यांच्या मागे धावण्यापेक्षा सुवर्ण मयूर या महोत्सवाच्या मुख्य पुरस्कारासाठीच्या स्पर्धा विभागाकडे वळा. हे चित्रपट नंतर कुठे बघायला मिळतील याची खात्री नसते, आणि खेळानंतर दिग्दर्शक समोर उभा राहून प्रश्नांना उत्तरं देण्याची शक्यता तिथे जास्त. तिकीट मिळालंच नाही तर रश लाइन आहे: बुकिंगवाले आत गेल्यावर रिकाम्या खुर्च्या रांगेतल्यांना मिळतात. लवकर येऊन उभं राहिलं तर बऱ्याचदा काम होतं. तुम्हाला जायचं नसेल तर बुकिंग रद्द करा, रांगेतला कोणीतरी दुवा देईल.

वेळापत्रक आखताना ठिकाण आधी बघा, सिनेमा नंतर. खेळ वेगवेगळ्या गावांतल्या चित्रपटगृहांत होतात. पणजीतलं आयनॉक्स आणि माकिनेझ पॅलेस ही दोन ठिकाणं शेजारी-शेजारी आहेत, मधली पंधरा मिनिटं पुरतात. पर्वरीला जायचं तर मांडवीचा पूल ओलांडावा लागतो. फोंडा किंवा मडगाव तर पणजीपासून तीसेक किलोमीटर. एका दिवसात पणजी आणि मडगाव दोन्ही कोंबलं की एक सिनेमा रस्त्यावरच जातो.

मास्टरक्लास आणि मुलाखती अलीकडच्या वर्षांत पणजीतल्या कला अकादमीत होतात. यांचं वेळापत्रक चित्रपटांपासून वेगळं शोधावं लागतं, आणि नवखे लोक नेमके तेच विसरतात. छायाचित्रणकार किंवा संकलक बोलणार असेल तर एक सिनेमा सोडून जा. नटनट्यांच्या सत्राला गर्दी जास्त आणि हाती लागतं कमी, असं माझं मत. उद्घाटन-समारोपाला नुसतं कार्ड पुरेल असं धरू नका.

सोबत आई-बाबा किंवा मुलं असतील आणि त्यांची नोंदणी नसेल, तर खुल्या जागेत होणारे खेळ आहेत. त्यांना कार्ड लागत नाही. यंदा ते कुठे आणि किती वाजता, हे गोव्यात पोचल्यावर रोजच्या वेळापत्रकात बघा.

गोवा जमत नसेल तर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होणारा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. तिथेही नोंदणी लागते, पण आत जागा आधी येईल त्याला. बुकिंगच्या घड्याळाऐवजी रांगेवर लक्ष ठेवावं लागतं, एवढाच फरक.