बोल्सरूद, यान

(१३ डिसेंबर १९१७ – ३० डिसेंबर १९८८). दुसऱ्या महायुद्धातील नॉर्वेजियन कमांडो व जर्मन सत्तेविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतील सैनिक. १९४३ च्या वसंतात उत्तर नॉर्वेतून स्वीडनमध्ये निसटण्यासाठी त्याने केलेल्या पलायनामुळे प्रसिद्ध. ज्या कामगिरीवर तो गेला होता ती पुरती फसली. नाव झाले ते जिवंत परतल्यामुळे, आणि त्यात त्याच्या चिवटपणाइतकाच वाटा किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा आणि शेतकऱ्यांचा होता.

ऑस्लो (तेव्हाचे क्रिस्तियानिया) येथे जन्म. पुढे कुटुंब शहराच्या दक्षिणेला कोल्बोट्न येथे राहायला गेले. नकाशे व मोजणीची उपकरणे बनवण्याचे शिक्षण त्याने १९३९ मध्ये पूर्ण केले. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला तेव्हा तो दक्षिण नॉर्वेत लढला आणि पराभवानंतर स्वीडनला पळाला. तटस्थ स्वीडनने हेरगिरीच्या आरोपाखाली त्याला देशाबाहेर काढले. मग सोव्हिएत संघ आणि आफ्रिका असा दूरचा वळसा घालत १९४१ मध्ये तो ब्रिटनला पोहोचला. तेथे ब्रिटिशांच्या देखरेखीखाली नॉर्वेजियन स्वयंसेवकांची ‘कंपनी लिंगे’ ही तुकडी तयार होत होती. घातपात, वायरलेस आणि गनिमी लढाईचे प्रशिक्षण घेऊन तो तिच्यात दाखल झाला.

सोव्हिएत संघाच्या मुर्मान्स्क बंदराकडे रसद नेणाऱ्या दोस्तांच्या जहाजांना उत्तर नॉर्वेतील जर्मन विमानतळांवरून मोठा धोका होता. त्यांपैकी बार्दुफॉस येथे घातपात करणे आणि परिसरात प्रतिकाराचे गट बांधणे हे ‘मार्टिन’ मोहिमेचे उद्दिष्ट. मार्च १९४३ मध्ये ‘ब्राटहोल्म’ ही मासेमारी बोट ब्रिटनच्या शेटलंड बेटांवरून निघाली. तिच्यावर चार कमांडो, आठ खलाशी आणि सुमारे आठ टन स्फोटके होती. ट्रॉम्सोच्या उत्तरेकडील टोफ्टेफ्योर्डमध्ये नांगर टाकल्यावर हे लोक एका दुकानदाराला भेटले. त्यांना ज्या विश्वासू माणसाचे नाव दिले होते तो हयात नव्हता आणि दुकान त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाकडे आले होते. जर्मन आपली परीक्षा घेत असावेत, या भीतीने त्याने वर खबर दिली. त्याला सरळ गद्दार म्हणणे सोपे आहे, पण ताब्यातल्या देशात असे बनाव खरोखरच रचले जात.

३० मार्चला जर्मन जहाज फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) तोंडाशी आले. खलाशांनी स्फोटकांना वात लावून बोट उडवून दिली आणि बर्फाळ पाण्यात उड्या टाकल्या. बारांपैकी अकरा जण मारले गेले: कोणी जागीच, कोणी छळाने, आणि बहुतेक ट्रॉम्सोजवळ गोळ्या घालून. बोल्सरूद एका पायात बूट नाही, पायाच्या अंगठ्याला गोळी लागलेली, अशा अवस्थेत घळीतून वर चढला. पाठलागावरील जर्मन अधिकाऱ्याला त्याने पिस्तुलाने गोळी घातली आणि पोहत दुसरे बेट गाठले. तेथे दोन लहान मुलींना तो दिसला. त्यांच्या घरच्यांनी कोरडे कपडे, जेवण आणि एक बूट दिला.

पुढे बेटाबेटावरच्या लोकांनी त्याला होडीने मुख्य भूमीवर पोहोचवले. स्की घालून लिंगेन पर्वतराजी ओलांडताना हिमकडा कोसळून तो खाली घसरला, बर्फाच्या चकाकीने डोळ्यांनी दिसेनासे झाले, आणि कित्येक दिवस भरकटून तो फुरुफ्लातेन गावात एका घराच्या दारात येऊन पडला. हे घर मारिउस ग्रोन्व्होलच्या बहिणीचे निघाले. मारिउसने त्याला गोठ्यात लपवले, गावात जर्मन सैनिक असताना. हिमदंशाने पाय निकामी झाले होते, म्हणून एप्रिलच्या मध्यास रात्री होडीतून फ्योर्डपलीकडे रेव्दालच्या झोपडीत नेऊन ठेवले. या लाकडी खोपटाला बोल्सरूदने ‘हॉटेल सॅवॉय’ नाव ठेवले. पाय सडू लागले तेव्हा खिशातल्या चाकूने त्याने स्वतःच ते चिरून दूषित रक्त बाहेर काढले. पुढे पठारावर असताना मेलेली बोटेही कापली. वादळामुळे मारिउस दिवसचे दिवस येऊ शकत नव्हता.

मग त्याला स्लेजवर बांधून, फ्योर्डच्या काठावरून जवळजवळ उभ्या चढणीने वर पठारावर नेण्यात आले. वर न्यायला येणारे मान्दालेन या खोऱ्यातले लोक वादळात चुकले, आणि तो खडकाच्या आडोशाला बर्फाच्या खळग्यात कित्येक दिवस एकटा पडून राहिला. पुढे आठवडेच्या आठवडे मान्दालेनवाले त्याला अन्न पुरवत आणि स्वीडनकडे नेण्याचा प्रयत्न करत राहिले. हे बहुतेक सागरी सामी, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातील मूळ रहिवासी असलेल्या सामींपैकी किनाऱ्यावर राहणारे. नॉर्वेजियन शासनाने अनेक दशके त्यांची भाषा शाळांतून हद्दपार केलेली. राष्ट्रीय वीराच्या कथेत त्यांचा वाटा बराच उशिरा नीट मांडला गेला, हे नोंदवणे आवश्यक आहे. अखेर वसंतातील स्थलांतरावर निघालेल्या रेनडियरपाळ सामींनी त्याला स्लेजवर घालून, जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या फिनलंडच्या हद्दीतून, १ जून १९४३ च्या सुमारास स्वीडनमध्ये सोडले. मदत करताना सापडणे म्हणजे मृत्युदंड, घरादाराची राखरांगोळी, हे यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्याने चाललेले अंतर व काही तारखा यांबद्दल लिहिणाऱ्यांत मतभेद आहेत. रस्त्यावरच्या गावांची नावे मात्र स्थिर आहेत.

बूदेन येथील इस्पितळात सुमारे सात महिने काढून तो ब्रिटनला परतला, पुन्हा चालायला शिकला आणि स्कॉटलंडमध्ये इतरांना प्रशिक्षण देऊ लागला. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात तो नॉर्वेत पुन्हा कामावर होता. त्याला ब्रिटनचा ‘एमबीई’ हा मानद किताब आणि नॉर्वेचे ओकपर्णासह सेंट ओलाव पदक मिळाले. १९५७ ते १९६४ मध्ये तो नॉर्वेतील युद्धापंगांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९६० च्या दशकापासून त्याने स्पेनच्या तेनेरीफ बेटावर वास्तव्य केले. आयुष्याच्या शेवटी मायदेशी परतला. अस्थी त्याच्या इच्छेनुसार मान्दालेनमध्ये, त्याला वाचवणाऱ्यांपैकी आस्लाक फॉसव्होलच्या कबरीत ठेवल्या आहेत. फॉसव्होल १९४३ मध्येच मरण पावला होता. दर जुलै महिन्यात हौशी पदयात्री या पलायनमार्गाने चालतात.