यंग मॅगझिन

जपानमधील कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचे तरुण पुरुष वाचकांसाठीचे मांगा म्हणजे जपानी चित्रकथांचे साप्ताहिक. पहिला अंक १९८० साली निघाला. सुरुवातीची काही वर्षे ते महिन्यातून दोनदा निघत असे. १९८९पासून साप्ताहिक झाले. अंक सोमवारी येतो. जपानी वाचक त्याला लाडाने आणि सोयीने ‘यानमागा’ म्हणतात. ‘आकिरा’, ‘इनिशियल डी’, ‘काइजी’ या जगभर पोचलेल्या चित्रमालिका मुळात याच साप्ताहिकात, हप्त्याहप्त्याने, स्वस्त कागदावर छापल्या गेल्या.

अशा मासिका-साप्ताहिकांना जपानीत ‘सेइनेन’ म्हणतात. सेइनेन म्हणजे तरुण, साधारण शाळेचे शेवटचे वर्ष ते तिशी. याच उच्चाराचा दुसरा एक जपानी शब्द ‘कायद्याने सज्ञान’ या अर्थाचा आहे. लिहिताना दोन्ही वेगळे दिसतात, पण कानाला सारखे लागतात. त्यामुळे सेइनेन मांगा म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा, झाकून ठेवायचा मजकूर, असा गैरसमज जपानबाहेर बराच पसरला आहे. तो खरा नाही.

हा वर्ग कसा तयार झाला याचा हिशेब सोपा आहे. १७ मार्च १९५९ रोजी कोदान्शाचे ‘शोनेन मॅगझिन’ आणि शोगाकुकानचे ‘शोनेन संडे’ ही मुलांसाठीची दोन साप्ताहिके एकाच दिवशी बाजारात आली. युद्धानंतर जन्मलेली पिढी त्यांवर वाढली. ही मुले मोठी झाली, कॉलेजात गेली, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत लागली, पण मांगा वाचायची सवय काही सुटली नाही. दरम्यान ‘गेकिगा’ या नावाने ओळखली जाणारी, गंभीर आणि काळोख्या विषयांची चित्रकथा रुजली होती. १९६७ साली ‘मांगा अ‍ॅक्शन’ आणि १९६८ साली ‘बिग कॉमिक’ निघाले ते याच मोठ्या झालेल्या वाचकांसाठी. मग त्यांच्यामागून आलेल्या, वीसच्या आसपासच्या मुलांसाठी १९७९ साली शुएइशाने ‘यंग जम्प’ काढले. पुढच्याच वर्षी शोगाकुकानचे ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ आणि कोदान्शाचे ‘यंग मॅगझिन’ आले. कोदान्शाने तर वाचकाच्या वयाची शिडीच बांधली : मुलगा असताना शोनेन मॅगझिन, विशीत यंग मॅगझिन, नोकरीत स्थिरावल्यावर १९८२ साली सुरू झालेले ‘मॉर्निंग’. घरातला वाचक शेजारच्या दुकानात जाऊ नये, ही त्यामागची सरळ व्यापारी बुद्धी.

अंक हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा कागद. तो खरखरीत आणि फुगीर असतो, पुनर्वापराच्या लगद्याचा. जाडजूड अंक मध्यभागी तारेच्या टाचण्यांनी शिवलेला असतो. मुलांच्या साप्ताहिकांसारखा त्याला चौकोनी कणा नसतो, त्यामुळे तो गुंडाळून कोटाच्या खिशात किंवा काखेत बसतो. वाचन उजवीकडून डावीकडे. सकाळी स्टेशनजवळच्या दुकानात घ्यायचा, गाडीत वाचायचा आणि उतरताना टाकून द्यायचा, अशी त्याची रीत होती. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत फळीपुढे उभ्याउभ्या फुकट वाचून जाणारेही पुष्कळ असत. या उभ्या वाचनाला जपानीत ‘ताचियोमी’ असा खास शब्द आहे. न्हाव्याच्या दुकानात, रामेनच्या खानावळीत कोपरे मुडपलेले जुने अंक पडलेले असतात. अंक जपून ठेवण्यासाठी नसतोच. मालिका आवडली तर तिचे भाग एकत्र करून पुस्तक निघते. त्याला ‘तांकोबोन’ म्हणतात, आणि वाचक ते विकत घेऊन घरात लावतो. चित्रकाराला पानामागे मानधन मिळते खरे, पण त्यातून मदतनिसांचे पगार, जागेचे भाडे भागवता भागवता नाकीनऊ येतात. खरी कमाई पुस्तकांच्या खपातून.

आठवड्याला साधारण अठरा-वीस पाने काढणे म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. आधी चित्रकार ‘नेमु’ करतो, म्हणजे पानांचा कच्चा आराखडा. कोणती चौकट कुठे, कोणाच्या तोंडी काय, पान उलटल्यावर काय दिसणार, हे सारे त्यात ठरते. तो संपादकापुढे जातो. प्रत्येक मालिकेला एक ठरलेला संपादक असतो आणि त्याचा शब्द जड असतो. तो आराखडा परत पाठवतो, पुन्हा करायला लावतो, कधी पुरता मोडीत काढतो. मान्य झाला की पेन्सिल, मग शाई. पार्श्वभूमीच्या इमारती, गाड्या, वेगाच्या रेषा मदतनीस काढतात. हे आठवडा संपायच्या आत, आणि लगेच पुढचा भाग. या धबडग्यात चित्रकारांच्या तब्येती खालावतात. अंकात अधूनमधून येणारी ‘या आठवड्यात ही मालिका नाही’ ही छोटी सूचना त्याचीच खूण. मुलांच्या साप्ताहिकांपेक्षा इथे असे खंड बरेच सोसले जातात, आणि ते योग्यच आहे.

साप्ताहिकाचे नाव जगात गेले ते कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘आकिरा’मुळे. डिसेंबर १९८२मध्ये सुरू झालेली ही मालिका जून १९९०मध्ये संपली आणि दोन हजारांहून अधिक पानांची झाली. पहिल्याच पानांवर ६ डिसेंबर १९८२ ही तारीख येते आणि त्या दिवशी टोकियो परिसरावर नव्या प्रकारचा बॉम्ब पडतो. म्हणजे वाचकाच्या हातातल्या अंकाचा आणि कथेतल्या प्रलयाचा महिना एकच. मग कथा उडी मारते ती २०१९ सालात, निओ टोकियोत. तिथले नायक कोण, तर धंदेशिक्षणाच्या शाळेतली, कोणालाच नकोशी झालेली, मोटरसायकलवर उंडारणारी पोरे. कानेदा आणि तेत्सुओ यांची मैत्री कुरतडत जाते आणि तिच्याबरोबर अख्खे शहर कोसळते.

ओतोमो यांच्या पानांपाशी थांबावेच लागते. इमारत पडते तेव्हा ते नुसता धुरळा काढून मोकळे होत नाहीत. वाकलेली सळई, तिला लोंबणारा काँक्रीटचा तुकडा, फुटलेल्या काचेची दिशा, खाली उलटलेली गाडी, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र रेषेने काढलेली. संवाद नाही, फुगा नाही, अशी पानांमागून पाने येतात. वाचकाची नजर आपोआप वेग घेते आणि मग एका मोठ्या चित्रापाशी थबकते. १९८४ साली पहिले पुस्तक निघाले तेव्हा नेहमीच्या खिशात मावणाऱ्या आकाराऐवजी ते साप्ताहिकाच्याच मोठ्या आकारात काढले गेले. त्याच वर्षी मालिकेला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. ओतोमो यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट जुलै १९८८मध्ये आला तेव्हा मूळ कथा अजून चालूच होती, म्हणून दोहोंचे शेवट वेगळे आहेत. सहावे आणि शेवटचे पुस्तक १९९३ साली, मालिका संपून तीन वर्षे झाल्यावर आले.

परंतु जपानमधल्या सामान्य वाचकाला ऐंशीच्या दशकातले यंग मॅगझिन आठवते ते अधिक करून काझुहिरो किउची यांच्या ‘बी-बॉप हायस्कूल’साठी. १९८३ ते २००३ अशी वीस वर्षे चाललेली ही मालिका ‘यांकी’ म्हणजे वाह्यात, मारामाऱ्या करणाऱ्या शाळकरी पोरांची. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांची स्वतःची भाषा, केसांचे तुरे, मानापमान, उगाच ओढवून घेतलेली भांडणे हे तिचे विश्व. तिच्यात या साप्ताहिकाचा पिंड दिसतो. मुलांच्या मांगात नायकाला जगात पहिले व्हायचे असते. इथल्या नायकाला बहुधा कशातून तरी सुटायचे असते : कर्जातून, गावातून, बापाच्या सावलीतून, नाहीतर स्वतःच्याच आळसातून. यंग मॅगझिनचे साहित्यिक मोल माझ्या मते इथे आहे.

शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ (१९९५–२०१३, ४८ पुस्तके) हे याचे सर्वांत प्रसन्न उदाहरण. ताकुमी फुजिवारा हा टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर विकणाऱ्याचा मुलगा. पहाटे बापाच्या जुन्या टोयोटा एई ८६मधून घाटावरच्या हॉटेलात टोफू पोचवायचा, हे त्याचे शाळकरी वयापासूनचे काम. गाडीच्या दारावर ‘फुजिवारा टोफू दुकान’ अशी अक्षरे. निघताना बाप पाण्याने भरलेला कागदी पेला गाडीत ठेवतो. घाट उतरताना थेंबही सांडता कामा नये. सांडला तर टोफू फुटला. बापाची ही दटावणी पाळता पाळता पोराच्या हातात अशी सफाई येते की महागड्या, ताकदवान गाड्या त्याच्यामागे राहतात, आणि आपण काही विशेष करतो हे त्याच्या गावीही नसते. कथेतला आकिना डोंगर गुन्मा प्रांतातल्या हारुना डोंगरावर बेतलेला आहे. १९८३ साली बाजारात आलेली ती साधी गाडी या मालिकेने जगभरच्या शौकिनांच्या स्वप्नात आणून ठेवली. तिच्याच जगात पुढे घडणारी ‘एमएफ घोस्ट’ ही शिगेनो यांची मालिका २०१७पासून याच साप्ताहिकात आली.

दुसऱ्या टोकाला नोबुयुकी फुकुमोतो यांची ‘काइजी’. सुरुवात १९९६ची, म्हणजे जपानमधला जमिनी-शेअरांचा फुगा फुटून गेल्यानंतरची. काइजी इतो हा कामधंदा नसलेला तरुण. तो चैनीच्या गाड्यांवर राग काढतो आणि छोट्या पैजा लावतो. एके दिवशी दारात सावकाराचा माणूस उभा राहतो. जुन्या सहकाऱ्याने तीन लाख येन घेतले होते, काइजी जामीन राहिला होता. सहकारी पळाला आणि व्याजासकट रक्कम अडतीस लाख पन्नास हजार झाली आहे. सुटकेचा एकच मार्ग म्हणजे ‘एस्पुआर’ नावाच्या जहाजावरचा जुगार. एस्पुआर म्हणजे फ्रेंचमध्ये आशा. तिथला खेळ दगड-कागद-कात्री, पण पत्त्यांनी : प्रत्येकाला प्रत्येक प्रकारचे चार असे बारा पत्ते आणि पैजेवर लावायचे तीन तारे. एवढ्याशा पोरखेळातून फुकुमोतो माणसाची लाचारी, विश्वासघात, गणित आणि क्वचित दिसणारा चांगुलपणा बाहेर काढतात. एकेक पत्ता टाकायला पाने लागतात. नाके टोकदार, अश्रू बदाबदा, चित्रे म्हणाल तर ओबडधोबड, आणि चौकटीच्या मागे गर्दीच्या अस्वस्थ कुजबुजीसाठी लिहिलेले ‘झावा… झावा…’. हा ध्वनिशब्द जपानीत आता या मालिकेशीच जोडला गेला आहे. चित्रकलेत उणा असूनही मांगा किती थोर होऊ शकतो हे पाहायचे तर ‘काइजी’ वाचावी. तिला १९९८चा कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला.

मिनोरु फुरुया यांची ‘इके! इनाचू ताक्क्यूबू’ (१९९३–९६) ही शाळेच्या टेबल टेनिस संघाची कमालीची आचरट विनोदी कथा प्रचंड गाजली. त्याच फुरुयांनी २००१ साली याच साप्ताहिकात ‘हिमिझू’ सुरू केली. तिच्यातल्या मुलाला फक्त सामान्य आयुष्य हवे असते आणि नेमके तेच मिळत नाही. हसवणाऱ्या लेखकाला इतके काळे वळण घेऊ देणाऱ्या संपादकांना मोठेपणा द्यायला हवा. सामान्य आयुष्याचा हाच विषय कात्सुहिसा मिनामी यांच्या ‘द फेबल’मध्ये (२०१४पासून) निराळ्या अंगाने येतो : निष्णात मारेकऱ्याला वरून हुकूम येतो की वर्षभर ओसाकात साध्या माणसासारखे राहा, कोणालाही मारायचे नाही.

‘क्लॅम्प’ या चार स्त्री-चित्रकारांच्या गटाने २००० ते २००२ या काळात ‘चोबित्स’ इथे लिहिली. त्यांची पुढची ‘एक्सएक्सएक्स होलिक’ आणि शोनेन मॅगझिनमधली ‘त्सुबासा’ यांच्या कथा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मासामुने शिरो यांची ‘घोस्ट इन द शेल’ मात्र मुख्य अंकातली नव्हे. ती १९८९ साली ‘यंग मॅगझिन काइझोकुबान’ या भावंड-अंकात सुरू झाली. काइझोकुबान म्हणजे चाच्यांची आवृत्ती.

मुखपृष्ठाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. त्यावर कथेतले पात्र क्वचित असते. बहुतेक वेळा तरुण मॉडेलचे छायाचित्र असते आणि आतल्या पहिल्या रंगीत पानांवरही पोहण्याच्या कपड्यांतली छायाचित्रे. याला ‘गुराबिया’ म्हणतात. १९८२पासून कोदान्शा यासाठी ‘मिस मॅगझिन’ ही स्पर्धाही घेते. अंक खपवण्याची ही रीत स्त्रीला शोभेची वस्तू करते, आणि काही मालिकांतली स्त्रीपात्रेही तशीच पोकळ असतात. शिवाय आत ‘काइजी’सारखे काही असेल, असा संशयही त्या मुखपृष्ठावरून येत नाही, हे लेखकांचेही नुकसान.

नवोदितांसाठी तेत्सुया चिबा या ज्येष्ठ मांगाकारांच्या नावाचा पुरस्कार आहे. त्याचा तरुण विभाग यंग मॅगझिनकडे आणि सर्वसाधारण विभाग ‘मॉर्निंग’कडे असतो.

नव्वदच्या दशकात अंकाच्या दर आठवड्याला दहा लाखांहून अधिक प्रती छापल्या जात. नंतर मोबाइल आला, गाडीतले वाचन पडद्यावर गेले आणि सगळ्याच मांगा साप्ताहिकांप्रमाणे याचाही छापील खप घसरत गेला. २०१७ साली जपानमध्ये डिजिटल मांगाच्या विक्रीने छापील पुस्तकांना प्रथमच मागे टाकले. कोदान्शाने २०१८ साली ‘कॉमिक डेज’ हे अ‍ॅप काढले, ‘यानमागा वेब’ हे संकेतस्थळही आहे. तिथे सुरू झालेल्या मालिका कधी छापील अंकात येतात, कधी इकडच्या तिकडे जातात. काइजीचे मात्र अजून संपलेले नाही. २०१७पासूनच्या पर्वात त्याने दोनशे चाळीस कोटी येन जिंकले आहेत आणि ते घेऊन तो दोन साथीदारांबरोबर पळतो आहे.