गायीच्या रुमेनमधल्या जिवाणूंची जनुकीय विविधता

रुमेन म्हणजे गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिला आणि सगळ्यात मोठा, मराठीत याला कोठीपोट म्हणतात. मोठ्या गायीत यात १०० लिटरच्या वर माल मावतो, आत तापमान ३९ अंशाच्या आसपास, ऑक्सिजन जवळपास नाहीच, आणि तिथल्या रसाच्या एका मिलिलिटरमधे १ हजार कोटी ते १० हजार कोटी जिवाणू असतात. गवतातलं सेल्युलोज (झाडांच्या पेशींच्या भिंतीतला चिवट पदार्थ) फोडायचे एन्झाइम गायीच्या स्वतःच्या जीन्समधे नाहीतच, ते सगळं या जिवाणूंकडे (थोडं बुरशी आणि प्रोटोझोआकडेही), आणि त्यांनी बनवलेल्या अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट या आम्लांवरच गायीची बहुतेक एनर्जी भागते.

या जिवाणूंचा नीट अभ्यास सुरू झाला अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांच्यापासून. त्यांनी हवा न लागू देता नळीत जिवाणू वाढवायची पद्धत बसवली, त्यांचं रुमेनवरचं पुस्तक १९६६ चं. त्या काळात ओळख पटवायची ती आकार, रंग घेतो का, कुठली साखर खातो यावरून, आणि इथेच घोळ झाला. बॅक्टेरॉइड्स रुमिनिकोला या एकाच नावाखाली जे जिवाणू ठेवले होते त्यांचा डीएनए एकमेकांशी जुळवून पाहिला तर काहींचं आपसात नातं अगदी लांबचं निघालं. मग त्यांचं घराणं बदलून प्रिव्होटेला केलं आणि १९९७ मधे त्या एका जातीच्या चार केल्या: रुमिनिकोला, ब्रायँटी, ब्रेव्हिस आणि अल्बेन्सिस. दिसायला सारखे, खाणंपिणंही बरंचसं सारखं, आत मात्र परके. बॅक्टेरॉइड्स सक्सिनोजेनिसचंही तेच, १६एस जीन (सगळ्या जिवाणूंमधे असणारा, नातं ठरवायला वापरतात तो) वाचल्यावर तो इतका वेगळा पडला की १९८८ मधे त्याला फायब्रोबॅक्टर हे नवीन नाव द्यावं लागलं.

नळीत न वाढणारे जिवाणू तर भरपूर आहेत, म्हणून पुढे सगळा डीएनए एकदम काढून वाचायला लागले, त्याला मेटाजिनोम म्हणतात. २०११ मधे एका टीमने गवत नायलॉनच्या पिशवीत भरून गायीच्या रुमेनमधे ठेवलं आणि त्याला चिकटलेल्या जंतूंचा २६,८०० कोटी अक्षरांचा डीएनए वाचला, त्यात कर्बोदकं फोडणारे वाटतील असे २७,७५५ जीन सापडले. २०१९ मधे २८३ जनावरांच्या नमुन्यांमधून ४,९४१ जिनोम (एकेका जंतूचा पूर्ण डीएनए) कॉम्प्युटरवर तुकडे जोडून जुळवले गेले. हंगेट यांच्या नावाच्या हंगेट१००० प्रोजेक्टमधे याउलट प्रत्यक्ष वाढवलेल्या जंतूंचे जिनोम जमवले, आणि माझ्या मते दोन्ही लागतातच कारण कॉम्प्युटरवर जुळवलेल्या जिनोमचा जिवाणू हातात नसेल तर तो खरंच काय करतो हे तपासता येत नाही.

एवढे जीन लागतात कशाला? तर काम एकच असलं तरी करायच्या तऱ्हा वेगळ्या. रुमिनोकॉकस फ्लेव्हफॅसियन्स एन्झाइमचा मोठा सांगाडा बांधून तो सेल्युलोजवर बसवतो, फायब्रोबॅक्टर असला सांगाडा न बांधता थेट चिकटून फोडतो, आणि प्रिव्होटेला सेल्युलोजच्या नादी न लागता हेमिसेल्युलोज, पेक्टिन, स्टार्च असलं सोपं उचलतो. त्यात जीन इकडून तिकडे जातातही, ब्युटिरिव्हिब्रिओमधला टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा टेटडब्ल्यू हा जीन माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंमधेही सापडलेला आहे.

खुराक बदलला की हे मिश्रण बदलतं, धान्य एकदम वाढवलं तर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस माजतो आणि लॅक्टिक अ‍ॅसिडने जनावर आजारी पडतं. पण गायीचा स्वतःचाही हात असतो. २०१० मधे छापून आलेल्या एका प्रयोगात गायींच्या रुमेनमधला जवळपास सगळा माल आपसात बदलला तर काही आठवड्यांत जिवाणूंचं मिश्रण पुन्हा मूळ गायीसारखं व्हायला लागलं.

असं असूनही बाहेरचा जिवाणू कधी कधी टिकतो. सुबाभळीतल्या मिमोसिनपासून रुमेनमधे एक विष तयार होतं, ऑस्ट्रेलियातल्या गायींना त्याचा त्रास व्हायचा आणि हवाई बेटांवरच्या शेळ्यांना नाही, कारण शेळ्यांकडे ते विष पचवणारा जिवाणू होता. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियात नेऊन जनावरांना पाजला, तो तिथे रुजला, आणि पुढे यावर काम करणारे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्यावरून त्याचं नाव सिनर्जिस्टिस जोन्सी पडलं.