त्सुनामी ऐकू येत नाही, ऐकू येते ती टी-लहर

समुद्राखाली भूकंप झाला की 'पाण्यातल्या यंत्रांनी त्सुनामी ऐकली' असली बातमी कुठेतरी येतेच. ही यंत्रं (हायड्रोफोन) ऐकतात ती टी-लहर, म्हणजे समुद्रातून येणारा भूकंपाचा आवाज. यातला टी त्सुनामीचा नव्हे. भूकंपाच्या जमिनीतून येणाऱ्या पी आणि एस लहरींनंतर ती तिसरी येते, एवढंच.

त्सुनामी ठाऊक आहेच: तळ सरकतो, वरचं अख्खं पाणी हलतं, चार किलोमीटर खोल समुद्रात ताशी ७०० किलोमीटरने लाट निघते. आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो. खाली जावं तसं पाणी थंड होऊन आवाजाचा वेग घटतो, आणखी खाली दाबामुळे पुन्हा वाढतो. मधल्या मंद थरात, साधारण किलोमीटरभर खोलीवर, आवाज अडकतो. वर निसटला की खाली वळतो, खाली गेला की वर. तळावर न आपटता हजारो किलोमीटर जातो. २००४ मध्ये सुमात्राच्या भूकंपाचा आवाज हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाला अर्ध्या तासात पोहोचला. लाटेला तीन तासांहून जास्त लागले.

हे कुणालाही पटतं. घोळ पुढेच होतो: मोठा आवाज म्हणजे मोठी त्सुनामी. साफ चूक! आवाज होतो तो सेकंदाला अनेकदा होणाऱ्या थरथरीचा. त्सुनामीच्या दोन शिखरांत दहा मिनिटं ते तासभर जातो. भेग संथपणे सरकली तर तळ उचलला जातो, पण गडगडाट फारसा होत नाही. १९९२ मध्ये निकाराग्वाच्या किनाऱ्यावर धक्का इतका सौम्य होता की लाट येईल असं कुणाला वाटलंच नाही.

पापुआ न्यू गिनीत १७ जुलै १९९८ ला ७.० चा भूकंप झाला आणि सिसानो खाजणाच्या किनाऱ्यावर दोन हजारांहून जास्त माणसं गेली. भूकंपाच्या मानाने लाट अवाढव्य होती. दूर वेक बेटाजवळच्या हायड्रोफोनच्या नोंदीत मग एक आवाज सापडला, मुख्य धक्क्यानंतर सुमारे १३ मिनिटांनी निघालेला. जोर कमी, पण भूकंपाला न शोभेल इतका रेंगाळलेला. समुद्रतळावर दरड कोसळली होती. म्हणजे आवाजाचा जोर नव्हे, त्याची वेळ आणि लांबी कामाला आली.

आपल्याकडे इशारा देणारं हैदराबादचं केंद्रही आवाजाच्या जोरावर लाट जोखत नाही. ते भूकंपमापक, तळावरचे दाबमापक आणि भरतीमापक पाहतं. तळावरच्या दाबमापकाला हायड्रोफोन म्हणणं तर मला अजिबात खपत नाही.