स्पेक्ट्रोमीटरचं 'रेझोल्युशन' नक्की कोणाचं, यंत्राचं की गणिताचं?

स्पेक्ट्रोमीटर म्हणजे प्रकाशात कुठली वेव्हलेंग्थ किती आहे (म्हणजे स्पेक्ट्रम) ते मोजणारं यंत्र, आणि रेझोल्युशन म्हणजे अगदी शेजारच्या दोन वेव्हलेंग्थ ते किती सुट्या दाखवतं ते. प्रकाश फोडणारे प्रिझम, स्लिट, ग्रेटिंग (बारीक रेघांची पट्टी) सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. गणित हा यंत्राचाच एक पार्ट कधी झाला तिथून सुरू करू.

इंटरफेरोमीटरमधून (प्रकाशाचे दोन भाग करून, एकाचा आरसा सरकवत ते परत एकत्र आणणारं यंत्र) स्पेक्ट्रम काढता येतो हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच कळलं होतं, १८९८ मध्ये तर ८० घटकांचा स्प्रिंगा-गिअरवाला हार्मोनिक ॲनालायझर (त्यासाठीचं गणित करणारं यंत्र) पण बनवून झाला. पुढे घोडं अडलं ते आकडेमोडीत. ४०९६ पॉइंटचा इंटरफेरोग्राम (आरसा सरकताना मोजलेली प्रकाशाची नोंद) सरळ पद्धतीने सोडवायचा तर दीड कोटीच्या वर गुणाकार, १९६५ ला फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म ही झटपट आकडेमोडीची रीत आली आणि तेच काम साधारण ५० हजारांवर आलं. १९६९ मध्ये मिनीकॉम्प्युटर जोडलेलं एफटीआयआर (हेच गणित वापरणारा इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर) बाजारात. इन्फ्रारेडमध्ये डिटेक्टरचाच नॉइज जास्त, त्यामुळे सगळ्या वेव्हलेंग्थ एकदम मोजण्याचा फायदा दणकून मिळाला. यूव्ही-व्हिजिबलमध्ये नॉइज प्रकाशाचाच असतो, तिथे हा फायदा उरत नाही, म्हणून ग्रेटिंग अजून टिकून आहे.

आता खरा घोळ, रेझोल्युशन हा शब्द. एफटीआयआरमध्ये तो सरळ होता, आरसा किती सरकला त्यावर ठरायचा, पाथ डिफरन्स (प्रकाशाच्या दोन भागांच्या वाटांतला फरक) १ सेंमी तर रेझोल्युशन साधारण १ प्रति सेंमी (म्हणजे एका सेंमीत किती लाटा, या मापात). पण सॉफ्टवेअरमध्ये झिरो फिलिंग आलं. डेटाच्या शेवटी शून्यं जोडायची, ग्राफ गुळगुळीत, पॉइंट दुप्पट, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन सुधारलं! पॉलिस्टायरीनची फिल्म लावून १६०१ प्रति सेंमीचा पीक बघा, झिरो फिलिंगने त्याचा शेंडा छान गोल दिसतो पण शेजारी चिकटलेले दोन पीक असतील तर ते काही सुटे होत नाहीत. आरसा तेवढाच सरकलाय ना.

हाच घोळ आता मोठा होऊन परत आलाय. २०१५ मध्ये १९५ क्वांटम डॉट (नॅनोमीटर आकाराचे कण) फिल्टर एका सेन्सरवर बसवून स्पेक्ट्रोमीटर केला गेला, २०१९ मध्ये एकाच नॅनोवायरवर. ग्रेटिंग नाही, आरसा नाही. प्रत्येक फिल्टर वेगवेगळा पण पसरट प्रकाश सोडतो आणि स्पेक्ट्रम उलटं गणित करून काढायचा. फिल्टर एकमेकांसारखे असले की जरासा नॉइज आला तरी उत्तर भरकटतं, म्हणून फिल्टरचे आकारच कॉम्प्युटरवर ऑप्टिमाइझ करतात, हल्ली तर फिल्टर आणि ते सोडवणारं न्यूरल नेटवर्क दोन्ही एकत्र ट्रेन करतात.

मग रेझोल्युशन कसं सांगायचं? रिवाज असा पडलाय की दोन बारीक लेझर लाइन द्यायच्या, सुट्या दिसल्या की तो आकडा छापायचा. मला हे पटत नाही. कारण अल्गोरिदमला बऱ्याचदा आधीच सांगितलेलं असतं की पीक थोडेच असणार, म्हणजे पेपर फोडून परीक्षा घेतल्यासारखं झालं. त्याच यंत्राला झाडाच्या पानाचा पसरट रिफ्लेक्टन्स (परत फेकलेला प्रकाश) द्या, तो छापलेला आकडा तिथे लागू होईलच असं नाही. समर्थक म्हणतात की वापर ठरलेला असेल तर आधीची माहिती का वापरू नये, आणि मुद्दा अगदीच खोटा नाही, ठरावीक एलईडी तपासायला असं यंत्र झकास चालेल. फक्त मग डेटाशीटवर आकड्याशेजारी कुठल्या सॅम्पलवर, किती नॉइज असताना आणि काय गृहीत धरून तो काढला हे पण छापा की.